घरभाड्याचा हिशेब आणि तीस टक्क्यांची वजावट

एजंट किंवा व्यवस्थापक न नेमता स्वतःच भाडेकरू शोधणारे, करार नोंदवणारे आणि गळक्या नळासाठी स्वतःच प्लंबरला बोलावणारे घरमालक विवरणपत्र भरताना आलेल्या भाड्यातून झालेला खर्च वजा करू पाहतात. मात्र व्यापाऱ्याला लागू असलेली ही रीत घरभाड्याला लागू होत नाही.

निवासी घराचे भाडे व्यवसायाच्या उत्पन्नात न धरता ‘घर मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखालीच दाखवले पाहिजे, हे २०२४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने निःसंदिग्ध केले. या शीर्षाचा आधार ‘वार्षिक मूल्य’ हा असून, घराला मिळू शकणारे वाजवी भाडे आणि प्रत्यक्ष भाडे यांपैकी जे अधिक, ते सर्वसाधारणपणे वार्षिक मूल्य मानले जाते. त्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो. भाडेकरूने भरलेला किंवा थकीत राहिलेला कर वजा होत नाही. उरलेल्या रकमेवर ३० टक्के ‘प्रमाणित वजावट’, म्हणजे खर्चाचा पुरावा न मागता दिलेली सरसकट सूट मिळते, आणि त्यानंतर गृहकर्जाचे व्याज वजा होते.

दरमहा २५,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाचे ३,००,००० होतात. १२,००० रुपये मालमत्ता कर वजा जाता २,८८,००० उरतात, त्यांवर ८६,४०० रुपयांची सूट मिळते आणि कर्ज नसल्यास २,०१,६०० रुपये करपात्र ठरतात. त्या वर्षी मालकाने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर एक लाख खर्च केला किंवा एक रुपयाही खर्च केला नाही, तरी हा आकडा बदलत नाही, कारण रंगकाम, दलाली, विमा आणि मालकाची स्वतःची धावपळ हे सारे त्या ३० टक्क्यांतच गृहीत धरलेले आहे.

नव्या इमारतीतील सदनिकेच्या मालकाला ही रचना लाभदायक आहे, परंतु जुन्या घराच्या मालकावर ती अन्याय करते. दुरुस्तीसाठी कर्ज काढणाऱ्याला ३० टक्क्यांशिवाय त्या कर्जाचे व्याजही वजा करता येते, आणि आयुष्यभराच्या बचतीतून तीच दुरुस्ती करणाऱ्या निवृत्त मालकाला मात्र त्या ३० टक्क्यांपलीकडे काहीही मिळत नाही. काटकसरीपेक्षा कर्जाला झुकते माप देणारी ही विसंगती समर्थनीय नाही. घराचा ताबा मिळण्यापूर्वीचे व्याज पाच समान वार्षिक हप्त्यांत वजा करण्याची सोय कायद्यात आहेच. इमारतीच्या मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीलाही तशी मुभा देणे अवघड नाही.

ही मुभा मिळेपर्यंत भाड्याचा काही भाग रोखीने घेऊन तो लपवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. शिवाय घरभाडे भत्त्याची सवलत घेणारा नोकरदार भाडेकरू वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे देत असल्यास त्याला मालकाचा पॅन आपल्या कार्यालयात द्यावा लागतो. म्हणून मालकाने नोंदणीकृत करार, मालमत्ता कराची पावती, बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र आणि भाडे जमा झाल्याच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात. अनामत रक्कम परत करायची असल्यामुळे ती उत्पन्न नसते. परंतु घर सोडताना थकीत भाड्यापोटी तीतून कापून घेतलेली रक्कम भाडेच असते, आणि ते भाडे पूर्वी दाखवलेले नसल्यास त्या वर्षाच्या उत्पन्नात धरावे लागते.