पाण्याचे वजन

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जितके दूर आहे, जवळजवळ तितकाच दूर, पण दक्षिणेस, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किम्बर्ली प्रदेश पसरला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राहून मोठे. वस्ती मात्र महाराष्ट्रातील एखाद्या लहान शहराएवढी. डर्बीपासून कुनुनुराच्या दिशेने येथून सुमारे ६६० किलोमीटरांचा, बव्हंशी कच्चा, गिब रिव्हर रोड जातो. गुरांच्या वाहतुकीसाठी तो काढला गेला. पावसाळ्यात नद्या तो अडवतात; मे ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूत काही मोजके प्रवासी तो सायकलने पार करतात.

त्यांचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, आणि तोही पाणी मोजण्याने. उन्हात सायकल हाकणाऱ्यास दिवसाकाठी सात-आठ लिटर पाणी सहज लागते. एका लिटरचे वजन एक किलो. दोन दिवसांची बेगमी करावी तर पंधरा किलोंचे ओझे वाढते, आणि ते ओढताना घाम गळतो, म्हणून पुन्हा पाणी अधिक हवे. व्याजावर व्याज चढावे तसा हा हिशेब आहे. वाटेत इमिंजी आणि माउंट बार्नेट येथे दुकाने आहेत. पण तेथील प्रत्येक डबा शेकडो किलोमीटरांवरून ट्रकने येतो, तेव्हा किमतीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. चाकांतील हवा थोडी कमी केली तरी धक्के खांद्यांपर्यंत पोहोचतात आणि सामानाच्या चौकटीचे स्क्रू सैल होतात. संध्याकाळी ते एकेक आवळावे लागतात. पूर्वेकडे जाणाऱ्यास या ऋतूतील आग्नेयेचा वारा समोरून येतो. दुपारी गोरखचिंचेच्या कुळातील एखाद्या फुगीर बुंध्याच्या बोआब झाडाखाली विसावा. आर्थर रिचर्डसनने १८९९-१९०० मध्ये सायकलवरून पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली, तेव्हा हा रस्ताही नव्हता.

पुढे पेंटेकॉस्ट नदी येते. येथे वर्षानुवर्षे वाट पात्रातूनच गेली आहे. कोरड्या ऋतूच्या उत्तरार्धात पाणी गुडघ्याएवढेही असू शकते, आणि मोह नेमका तेथेच होतो. सायकल खांद्यावर घ्यावी, चार पावले टाकावीत! परंतु समुद्र फार दूर नाही. या नदीत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि पायी उतरू नका असे फलक काठावर लावलेले आहेत. डर्बीपासून प्रत्येक किलोमीटर स्वतःच्या पायांनी तोडलेल्याला येथे थांबून, येणाऱ्या जीपसमोर हात करून, पलीकडे नेण्याची विनंती करावी लागते. कित्येकांना हे जड जाते. पाचशेहून अधिक किलोमीटर मिरवलेल्या अभिमानाला त्या एवढ्याशा पात्राने बट्टा लागेल असे त्यांना वाटते. तरीही शहाणा प्रवासी थांबतो. कधी अर्धा तास, कधी दीड. त्या वेळात कोणी पाण्याजवळ जाऊन हातपायसुद्धा धूत नाही.

जीपवाले बहुधा नाही म्हणत नाहीत. सायकल टपावर चढते, दगडांवरून गाडी डुलत जाते, आणि दोन-चार मिनिटांत पलीकडचा काठ येतो. कॉकबर्न डोंगररांगेवर उतरते ऊन पडून कडे लालभडक झालेले असतात. तंबू मात्र पाण्यापासून पुष्कळ दूर, उंचवट्यावरच ठोकायचा. मग पिशव्यांतील उरलेले पाणी मोजले जाते, कारण उद्याही निघायचे ते उजाडण्यापूर्वीच.