रेड अलर्टची सुट्टी वसतिगृहाला लागू होत नाही!
वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन

कोकणातल्या विद्यापीठ संकुलांत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याला रेड अलर्ट होता. आदल्या संध्याकाळीच शाळा-महाविद्यालयांना सुट्टी जाहीर झाली आणि ती योग्यच होती. गावातून येणारी मुलं घरी राहिली, प्राध्यापक घरी राहिले, कार्यालयाला कुलूप लागलं. आम्ही मात्र जिथे होतो तिथेच होतो, कारण आमचं घर सध्या तेच आहे. मेसचे आचारी पोहोचू शकले नाहीत. वॉचमन एकच, तोही मुख्य फाटकावर. रेक्टर मॅडम तालुक्याच्या गावी अडकलेल्या. दुपारी मागच्या नाल्याचं पाणी मुलींच्या वसतिगृहाच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं, त्याची किल्ली कार्यालयात होती आणि कार्यालय बंद होतं. गाद्या भिजल्या, जर्नलं भिजली. कॉटखालचे एक्स्टेंशन बोर्ड पाण्याखाली गेले, प्लग तसेच लावलेले. मेन स्विच कुठे आहे हे त्या मजल्यावर एकीलाही ठाऊक नव्हतं. त्यांना ते कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

कुणाचा जीव गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर काय लागलं? किल्लीबद्दल अवाक्षर नाही, नाल्याबद्दल नाही. पाण्याचे व्हिडिओ बाहेर पाठवणाऱ्यांवर कारवाई होईल, एवढीच सूचना! आमचा संताप पावसावर नाही, या सूचनेवर आहे. सुट्टीचं परिपत्रक काढलं की आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या वृत्तीवर आहे. सुट्टी ही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीची सोय आहे. राहणाऱ्यांसाठी तोच दिवस सर्वांत धोक्याचा असतो, कारण त्या दिवशी संकुलात माणसं आमच्याएवढीच असतात आणि किल्ल्या मात्र दुसऱ्यांकडे असतात.

काही जण म्हणतात, कोकणाला पाऊस नवा आहे का? नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. तीही कोकणातलीच होती, पावसात जन्मली, पावसात वाढली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हाही लोक आपापल्या घरात झोपलेले होते. शिवाय वसतिगृहात काय सगळे कोकणातलेच आहेत? आपल्या शेजारच्या खोलीत लातूर, बीड, वाशिमची मुलं आहेत. त्यांनी टँकरपुढची रांग पाहिली आहे, नदी पात्र सोडून दारात येते ते पाहिलेलं नाही. त्यांना सांगायचं कुणी?

दुसरा आक्षेप, अलर्ट तर रोजच येतात. येतात, कारण ते वाचायचे असतात. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अतितीव्र पाऊस. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला! सावित्री तिथूनच उगम पावून महाडला येते. म्हणजे आपल्या डोक्यावर भुरभुर असली तरी घाटमाथ्यावर काय चाललंय ते बघावं लागतं. खाडीकाठच्या गावांत त्यात भरतीची वेळ आली की पुराच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याच दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत चढलं होतं. पूर ओसरल्यावर तिथे फावडी घेऊन गेलेल्यांत आमच्या समितीची तेव्हाची मुलंही होती. त्या चिखलाचा वास त्यांच्या तोंडून ऐकलेले आम्ही आहोत. म्हणून आम्हाला कुणी घाबरट म्हटलं तरी चालेल.

तिसरा आक्षेप, कुलूप मुलींच्या सुरक्षेसाठी आहे. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला राजेंद्रनगरच्या कोचिंग क्लासच्या तळघरात चालवलेल्या लायब्ररीत पाणी भरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. अभ्यास करत बसले होते ते! आतून उघडता न येणारं दार सुरक्षा देत नाही. यावर चर्चा करत बसण्यात आम्हाला रस नाही.

आकाशातल्या विजेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे निष्काळजीपणा आपला स्वतःचा आहे, प्रशासनाचा नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. नैसर्गिक आपत्तीने गेलेल्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे अधिक. कोकणात विजांचा जोर ऐन जुलैपेक्षा मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त. मे म्हणजे परीक्षा संपून मैदानावर रमायचे दिवस, ऑक्टोबर म्हणजे क्रीडास्पर्धा आणि गरबा. म्हणजे नेमके आपण उघड्यावर असतो. आभाळ गडगडतंय आणि शेवटची ओव्हर टाकून घेऊ म्हणून मुलं मैदानात थांबतात, मग धावत जाऊन आंब्याखाली उभी राहतात, हे आम्ही पाहिलं आहे आणि हे लाजिरवाणं आहे. शिकलेल्या माणसांचं हे वागणं?

चमक दिसल्यावर मोजायला लागा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीसपर्यंत मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत. झाडाखाली नाही, पत्र्याच्या पार्किंग शेडखाली नाही, टेरेसवर कपडे काढायला तर मुळीच नाही. आत गेल्यावर नळाखाली अंघोळ नको, चार्जिंगला लावलेला फोन हातात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अॅप आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप आज रात्रीच फोनमध्ये घ्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अंगावर वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास किंवा नाडी बंद असेल तर जागच्या जागी छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बघ्यांची गर्दी करून माणूस वाचत नाही.

आता कामाचं. हे सगळं या रविवारच्या आत व्हायला हवं. प्रत्येक मजल्यावर दोन जण ठरवा, एक नेहमी संकुलात राहणारा हवा. त्या दोघांना मेन स्विच, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि मागचा जिना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. जाळीच्या दाराची दुसरी किल्ली मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवावी, ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी दिलेली मागणी म्हणजे न दिलेली मागणी. मजल्यावर कोण दम्याचं आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कोण कुबड्या वापरतं, याची यादी त्यांच्या संमतीने करा. रेड अलर्टच्या आदल्या रात्री तळमजल्यावरची मुलं वरच्या मजल्यावर, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून वर, बादल्यांत पाणी, पॉवर बँक भरलेली, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. मेसने दोन दिवसांचे तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि भरलेला सिलिंडर वसतिगृहातच ठेवावा. गेल्या आठवड्यात आमच्या पोरांनी खिचडी शिजवली म्हणून सगळे जेवले, नाहीतर कित्येक जण पाण्यातून हायवेवरच्या ढाब्याकडे निघाले होते. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी माणसाला पाडतं. रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं की मागे फिरा.

सुट्टी मिळाली म्हणून रात्रीच्या गाडीने घरी पळणाऱ्यांनो, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, त्यात दोन एसट्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. अलर्ट संपेपर्यंत थांबा.

फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांत दिवसच्या दिवस ना वीज होती ना मोबाईलला रेंज. म्हणून प्रत्येक मजल्यावर शिट्टी आणि टॉर्च हवाच. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२, हे दोन्ही नंबर दारामागे हाताने लिहून चिकटवा.

अजून पावसाळ्याला वेळ आहे, असं पुढच्या वर्षी कुणी म्हटलं तर त्याला २०२५ ची आठवण करून द्या. मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता.

पूर ओसरल्यावर साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी लेप्टोस्पायरोसिसबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट पाहू नका. आठवडाभर पाणी उकळून प्या.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मेसच्या हॉलमध्ये सभा आहे. मजल्यावरच्या दोघांची नावं, यादी आणि लेखी मागणीची पोच घेऊन या. रेक्टर आणि कुलसचिव या दोघांनाही निमंत्रण दिलं आहे. सभेनंतर दिवे घालवून प्रत्येक वसतिगृह मागच्या जिन्याने रिकामं करून पाहायचं आहे, तेव्हा टॉर्च आणा आणि पायात बूट घाला.

आपली,
वसतिगृह विद्यार्थी समिती