भाऊ, पाकीट आणि आमचं गॅदरिंग

आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास म्हणजे बाकाखाली डबा खायचा तास, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तर पोटात घाला. खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागात देणार होते, पण जमलंच नाही. कारण 'पाकीट', 'टक्केवारी', 'सेटिंग', 'मॅनेज' हे शब्द मी मराठीतच शिकले. त्यातले शेवटचे दोन इंग्रजी आहेत हे मला माहीत आहे. पण आपण ते ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ आमच्या सिस्टरना सात जन्मांत कळला नसता!

तर गोष्ट मागच्या गॅदरिंगची. मी स्पॉन्सरशिप कमिटीत होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको... भर उन्हात स्कूटीवरून दुकानं पालथी घालायची, आणि हातात काय, तर एका क्लासवाल्यांचे पाच हजार आणि एका पिझ्झावाल्याची दोनशे डिस्काउंट कुपनं. इकडे साउंडवाला, लाइटवाला, मांडववाला सगळे ॲडव्हान्ससाठी मागे लागलेले. मग कोणीतरी म्हणालं, "भाऊंकडे जाऊ या."

भाऊ कोण, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. प्रत्येक भागात एक भाऊ, दादा नाहीतर अण्णा असतोच. चौकातल्या फ्लेक्सवर मोबाइल कानाला लावून जो उभा असतो आणि ज्याच्या खाली चाळीस छोटे फोटो शुभेच्छा देत असतात, तो.

दहा मिनिटांत काम झालं. भाऊंनी चहा पाजला, "कुठल्या ब्रँचला आहेस ताई?" असं विचारलं, ड्रॉवरमधून ५१ हजार रोख काढले, पाकिटात घातले आणि माझ्या हातात दिले. पावती त्यांनी मागितली नाही, आम्ही दिली नाही. अट एकच, गेटवर फ्लेक्स आणि स्टेजवर 'दोन शब्द'. त्या दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागली. विषय होता 'आजचा युवक आणि चारित्र्य'. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून शिट्ट्यासुद्धा आल्या.

चार दिवसांनी कॅन्टीनला तोच आमचा ग्रुप, तोच कटिंग चहा, आणि चर्चा काय? "सगळे राजकारणी चोर आहेत यार. या देशाचं काही होणार नाही." मीही मान डोलावत होते. मध्येच मला ते पाकीट आठवलं आणि मी गप्प बसले, जे माझ्या बाबतीत फार कमी वेळा घडतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणी पुढाऱ्यांना शिव्या घालायला लागलं की मी हळूच विचारते, "तुम्हाला त्यांच्याकडून कधी काही मिळालंय का हो?"

पहिल्यांदा विचारलं आमच्या मेसच्या काकूंना. त्यांनी पोळी लाटता लाटता, अजिबात न लाजता सांगितलं, "घेतले की! घरात चार मतं, माणशी हजार. वर्षाचा गहू भरला."

"मग मत त्यालाच दिलंत?"

"ते तुला कशाला सांगू? मत गुप्त असतं ना?" काकू हसल्या. मग लाटणं थांबवून म्हणाल्या, "हे बघ बाळा, पाच वर्षांत तो एकदाच दारात येतो. नळाला पाणी, गटाराला झाकण, हे काही तो देणार नाही, मला माहीत आहे. मग देतोय ते तरी का सोडू? आणि ही एकच योजना अशी आहे की हिला फॉर्म लागत नाही. आधार नाही, झेरॉक्स नाही, काही नाही."

मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, काकू, भारतीय न्याय संहितेचं १७० वं कलम आहे, निवडणुकीत लाच देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काकू म्हणाल्या, "मग आमची अख्खी गल्ली आत टाका. तिथं तरी पाणी येत असेल."

दिवाळीत आजोळी गेले. आजोळ नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात. तिथे मामाला छेडलं. २०२१ च्या जानेवारीत राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या, आणि त्याआधी देवळा तालुक्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता. मंदिराच्या बांधकामासाठी. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर! नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तसंच झालं, तिथे आकडा होता ४२ लाख. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द करून टाकली. मी म्हटलं, "मामा, किती भयंकर ना!"

मामा म्हणाला, "भयंकर काय त्यात? लिलाव उघड्यावर झाला म्हणून तुम्हाला दिसला. बाकीकडे रात्री घराघरांत वाटतात, ते दिसत नाही एवढंच. आणि तो पैसा तरी देवळाला जाणार होता, म्हणजे सगळ्या गावाचा. वाटलेला पैसा जातो गुत्त्यावर."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. सुचलं ते परतीच्या एसटीत, खिडकीशी डोकं आपटत असताना. लिलावात हात वर करायलाच आधी कोटी-दोन कोटी लागतात. कांदा निवडायला रोजाने जाणारी बाई हात वर करणार कशी? मतदानात निदान कागदावर तरी तिचं वजन बोली लावणाऱ्याएवढंच आहे, लिलावात तेही नाही. लगेच मामाला फोन लावून हे ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण तिला आता तरी कोण उभं करतंय?" आणि फोन कट झाला. रेंज गेली होती की मामाने ठेवला, देव जाणे.

आमच्या सोसायटीत मात्र पाकीट कोणी घेत नाही हं. आम्ही सुशिक्षित ना! आम्ही पेव्हर ब्लॉक घेतो. निवडणुकीच्या दोन महिने आधी अख्ख्या पार्किंगमध्ये बसवून मिळाले. बाबा सेक्रेटरी आहेत. मी विचारलं तर म्हणाले, "हा व्यक्तिगत लाभ नाही, कॉमन ॲमेनिटी आहे." (बाबा, अंक घरी येणार आहे हे मला माहीत आहे. सॉरी.)

या सगळ्या विचारपुशीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. छोट्या पैशाचा हिशेब लोकांना तोंडपाठ असतो. कुठल्या वॉर्डात काय रेट फुटला, कोणी साडी दिली, कोणी कुकर दिला, कोणाचं पाकीट पाचशेने कमी निघालं, सगळं. पण मोठ्या पैशाबद्दल विचारलं की सगळे नुसते "करोडो" म्हणतात आणि आभाळाकडे बघतात. मला वाटतं, आपल्या रागाला धार नाही ती यामुळेच. पाचशेच्या नोटेवर चिडता येतं कारण ती दिसते. बाकीच्यावर चिडायचं तर आधी ते समजून घ्यावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाला आहे?

म्हणून मी थोडं वाचलं. (सबमिशनच्या दिवसांत, म्हणजे बघा.) महाराष्ट्रात आमदारकीच्या उमेदवाराला २०२२ च्या नियमाप्रमाणे ४० लाख रुपये खर्च करता येतात, खासदारकीला ९५ लाख. आता या आकड्यांवर कोणाचा विश्वास आहे, हात वर करा! २०१३ साली मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे सांगून बसले की २००९ च्या लोकसभेला आपल्याला ८ कोटी खर्च आला. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, चर्चा झाली, खासदारकी काही गेली नाही. मला तर मुंडेंचं त्यात कौतुकच वाटतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट एकाने माईकवर म्हटली, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

आणि गंमत म्हणजे कायद्यात दार आधीपासूनच उघडं आहे. मर्यादा उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाच्या एकूण खर्चाला नाहीच. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरा. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो निकाल मोडीत काढला. म्हणजे आमच्या एचओडी सरांपेक्षाही फास्ट!

मग पक्षाकडे पैसा येतो कुठून? २०१८ ते २०२४ या काळात निवडणूक रोखे होते. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, आणि कोणी कोणाला किती दिले हे तुम्हाआम्हाला कळणार नाही. अशा रीतीने सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपये गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सगळ्यात वर एक लॉटरीवाली कंपनी, खाली औषधवाले, खाणवाले, रस्ते-पूल बांधणारे. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं सांगू? नव्या पेव्हर ब्लॉकवर कोणाची गाडी लागणार यावरून भांडण.

रस्ते-पूल हा तर माझाच विषय, मी सिव्हिलची. 'एस्टिमेशन अँड कॉस्टिंग'मध्ये आम्ही रस्त्याचं अंदाजपत्रक करतो. खडी, डांबर, मजुरी, वाहतूक, कंटिंजन्सी, आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टरचा नफा दहा टक्के. एकदा माझी वही ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टर काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितली आणि म्हणाले, "छान आहे. फक्त एक कॉलम राहिलाय." कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तो भरून कसा काढता? ते म्हणाले, "थरातून." म्हणजे कागदावर ५० मिलिमीटरचा थर असेल तर तो रस्त्यावर तेवढाच असेल असं धरून चालू नका.

केमिकलवाले मित्र याला मास बॅलन्स म्हणतील. जे आत गेलं ते कुठून तरी बाहेर येणारच. मेसच्या काकूंच्या हातात आलेले चार हजार कुठल्यातरी रस्त्याच्या थरातून निघाले असणार, आणि तो रस्ता त्यांच्या गल्लीचाही असेल. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण मी नाही घेतले तर थर जाड होणार आहे का?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण नाही होणार. एकट्या काकूंनी नाही म्हटल्याने डांबराचा एक थेंब वाढणार नाही. म्हणूनच मी काकूंना दोष देऊ शकत नाही, आणि देणारही नाही. माझं मत विचाराल तर काकूंपेक्षा जास्त चूक आमच्या कमिटीची. काकूंनी पैसे घेतले, पण बदल्यात काय दिलं ते त्यांचं त्यांना माहीत. आम्ही पैसे घेतले आणि बदल्यात माइक दिला, गेट दिलं, आठशे पोरांच्या टाळ्या दिल्या. काकूंना गहू भरायचा होता. आम्हाला लेझर लाइट हवे होते.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ माणूस चांगला आहे. आहेच. रात्री दोनला फोन केला तर ॲम्ब्युलन्स पाठवतात, आमच्या हॉस्टेलच्या एका मुलाला त्यांच्याच गाडीतून नेलं होतं. मी ते विसरलेले नाही. पण उमेदवारांना संपत्तीचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे, आणि ते कोणालाही वाचता येतं. मी भाऊंचं वाचलं. भाऊंच्या नावावर एकही वाहन नाही! गॅदरिंगला सहा गाड्या आल्या होत्या, मी स्वतः पार्किंगला उभी राहून मोजल्यात. मग ती ॲम्ब्युलन्स कोणाची, तिचं डिझेल कोणाचं, हे विचारायला नको का? चांगल्या माणसाला विचारायचं नाही तर कोणाला विचारायचं?

असो. यंदाची कमिटी परत बसली. मी दोन गोष्टी मांडल्या. रोख घ्यायचं नाही, चेक घ्यायचा आणि पावती द्यायची. आणि पै न् पैचा हिशेब, देणाऱ्यांच्या नावांसकट, नोटीस बोर्डावर लावायचा. दोन तास भांडण झालं. "तू स्वतःला काय समजतेस" पासून "अण्णा हजारे" पर्यंत सगळं ऐकून घेतलं. शेवटी ७ विरुद्ध ५ मतांनी पास झालं. मतदानाआधी मी कोणाला वडापाव खिलवला नव्हता, हे इथे नमूद करते.

भाऊंच्या ऑफिसला फोन केला, चेकचं सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "चेक? बघतो ताई, कळवतो." त्याला आता तीन आठवडे झाले. सध्या आमच्या बजेटमध्ये ३८ हजारांचा खड्डा आहे. डीजे रद्द केलाय, लेझर तर नाहीच. फर्स्ट इयरवाले माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांचं पहिलंच गॅदरिंग आहे. साउंडवाल्याशी घासाघीस करून दोन स्पीकर ठरवलेत.

तेव्हा गॅदरिंगला जरा लवकर या आणि पुढे बसा. मागे ऐकू येणार नाही.