दोन इंच माया

माझी लेक चार वर्षांची. मॉलमधला फ्रॉक दिवाळीत मस्त बसतो, गुढीपाडव्याला गुडघ्याच्या वर! शिवाय आतलं जाळीचं अस्तर टोचतं. म्हणून हल्ली दोन डेडलाइन्सच्या मध्ये मी मशीनवर बसते.

कोल्हापूरकरांना कापडाची काय कमी? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग सुरू केला, ते इचलकरंजी तासाभरावर. रोजच्या फ्रॉकला तिथलं सुती कापड. सणाच्या परकर-पोलक्याला महाद्वार रोडवरून आणलेला खण. गुळेदगुडचा हातमागाचा खण पन्ह्याला अरुंद, त्यामुळे घेराला जोड द्यावा लागतो. काठ जुळवताना घाम फुटतो, आधीच सांगून ठेवते.

खरी गंमत आतल्या बाजूला. शिवणीत दोन इंच ‘माया’ सोडायची, परकराला खाली दोन टक्स घालायचे. मूल वाढलं की उसवायचं. रेडिमेडमध्ये एवढी माया कुठली? त्यांना कापड वाचवायचं असतं. माझे पैसे फारसे वाचत नाहीत हं, आणि वेळ तर मुळीच नाही. पण उसवलेल्या टकखाली गेल्या वर्षीचा कोरा रंग निघतो. लेक त्यावर बोट ठेवते, ‘आई, इथं नवीन आहे!’