चांदण्यातलं देऊळ

कोजागिरीचं दूध आटवताना दरवर्षी वाटतं, हे चांदणं भिंतीवर लावून ठेवता आलं तर! यंदा ती हौस मी शाळेत भागवून घेतली. आठवड्यातून तीन दिवस मी बारामतीत शिकवायला जाते. सातवीच्या मुलींना म्हटलं, सगळ्यांनी मिळून एक कोलाज करू या, ‘कोजागिरीच्या रात्री उजनीचं पाणी’.

दीड बाय दोन फुटी कॅनव्हास विकत आणला. तुम्ही मांजरपाट फळीवर ताणून पांढऱ्या रंगाचा हात दिलात तरी चालेल. बाकी ॲक्रिलिक रंग, फेव्हिकॉल, पतंगाचा कागद, चॉकलेटची चांदी, जुनं मलमल आणि उसाचं पाचट. आपल्या भागात पाचटाला काय तोटा!

आधी सगळीकडे गडद निळा रंग द्या, काळा नको. तो पुरता वाळला की मलमलीचा गोल कापून चंद्र चिकटवा. वरून पांढऱ्यात थेंबभर पिवळा मिसळून लावा. काठावर पाचटाचे बारीक तुकडे गवतासारखे उभे करा. चांदी कातरू नका, हातानं आडव्या पट्ट्या फाडा आणि फक्त चंद्राच्या खालीच लावा. सगळीकडे लावलीत, तर चांदण्याऐवजी लग्नाचा मांडव दिसेल!

मध्यभागी मी खाकी कागदाचं देऊळ ऐटीत उभं केलं. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ हो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याच्या पाण्यात ते बुडालं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की वर येतं, तेव्हाचा फोटो मी पाहिला होता.

मामाकडे राहून शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, कोजागिरीला धरण भरलेलं असतं. देऊळ दिसत नाही. आमच्या आजीचं घरपण तिथंच खाली आहे.”

मी गप्पच झाले. देखावा साजरा करण्याच्या नादात, पाण्याखाली कुणाचं अंगण असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

देऊळ काढून टाकावं तर मुली हिरमुसणार. मग फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून, निळ्या पतंगी कागदाचे तुकडे देवळावर एकावर एक चिकटवले. दोन थरांनंतर देऊळ पाण्याखाली गेलं, तरी पुसट दिसत राहिलं. (पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो, म्हणून आधी एक तुकडा ओला करून पाहा. प्रत्येक थर वाळू द्या, घाई केलीत तर सुरकुत्या पडतील.)

पालकसभेला आजी आल्या. बराच वेळ पाहून त्यांनी रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “देऊळ झ्याक झालंय. पण आमचं घर ह्या अंगाला व्हतं.”

दुसऱ्या दिवशी नातीनं आजीच्या जुन्या लुगड्याचा बोटभर तुकडा आणला. त्याच जागी तो चिकटवला आणि वरून निळ्या कागदाचा एकच थर दिला. लुगड्याचा काठ अजून दिसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांकडून गावचं चित्र करून घ्याल, तेव्हा रंग कालवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, इथं पूर्वी काय होतं? आणि एखादा कोपरा त्यांच्यासाठी रिकामा ठेवा.