माव्यासाठी विष कशाला?

जास्वंदीच्या कळीवर मावा दिसला की लोकांना पहिली आठवण औषधाची होते. आमच्या खोपटच्या सोसायटीतही तेच. माणूस बोलावून जास्वंद, कण्हेर, शेवंती, लिली सगळे फवारून घ्यायचे असे बैठकीत ठरत होते. विरोध मी एकट्यानेच केला. तिथे पुरते ऐकून कोणी घेतले नाही, म्हणून इथे लिहितो!

मावा हा मऊ अंगाचा, कोवळ्या शेंड्यातला रस शोषणारा किडा. मादीला बहुधा नर लागत नाही. ती थेट पिल्लेच घालते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लेही आया होतात. त्यांच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी धरते, मुंग्या लागतात. या मुंग्या मावा खात नाहीत बरं का, गवळ्याने गाई राखाव्या तशा त्याला राखतात.

मावा खाणारे वेगळेच. ठिपक्यांचे लाल भुंगेरे, त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या. जहाल औषधाने माव्याबरोबर हेही मरतात. मावा झपाट्याने पुन्हा वाढतो, हे मागे राहतात. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि पुढे राज्यभर पसरला. उंच उसात शिरून फवारणार कोण? तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचाच होता.

आणि २०१७ चे यवतमाळ विसरलो का आपण? कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. आपल्याकडे येणारा मुलगाही नाकाला नुसता रुमाल बांधतो. त्याच झाडांखाली पोरे खेळतात, तेच फूल सकाळी गणपतीला वाहतो.

मग करायचे काय? पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, दर दोन-तीन दिवसांनी. फारच भरलेला शेंडा खुडावा. तरीही हटला नाही तर निंबोळी तेल. युरियाचा मारा कमी करावा; लुसलुशीत फूट माव्याला फार आवडते. लिलीची गोष्ट मात्र जरा निराळी. मावा विषाणू पसरवतो, तेव्हा पानांवर पिवळे पट्टे दिसले तर तो कंद उपटून टाकलेला बरा.

थोडा मावा राहीलच. राहू द्या. तो असेल तरच भुंगेरे येतील.

मंडळी, तुमच्या सोसायटीत काय करतात? जरूर कळवा.