केसपेपरवरील सांकेतिक लिपी

शारीरिक तपासणीनंतर रुग्णाच्या हाती पडणारा कागद त्याच्याच देहाविषयी असतो. पण नेमका त्यालाच तो वाचता येत नाही. इंग्रजी जाणणारा शिक्षक वा कारकूनही त्या आद्याक्षरांपुढे निरक्षर ठरतो.

संक्षेपांना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांचा वेळ त्यामुळे वाचतो, आणि ही लिपी फारशी गूढही नाही. 'आर.एस.' म्हणजे श्वसनसंस्था, 'सी.व्ही.एस.' म्हणजे हृदय व रक्ताभिसरण, 'सी.एन.एस.' म्हणजे मध्यवर्ती मज्जासंस्था. 'बी.पी.'पुढील १२०/८० या आकड्यांपैकी पहिला हृदय आकुंचन पावतानाचा रक्तदाब दाखवितो, दुसरा ते शिथिल असतानाचा.

सर्वांत अधिक गैरसमज होतो तो 'एन.ए.डी.' या तीन अक्षरांविषयी. त्यांचा अर्थ 'दोष आढळला नाही' एवढाच. 'दोष नाही' असा नव्हे. हाताने चाचपून आणि स्टेथास्कोप लावून जे कळू शकते, त्यापुरतीच ती ग्वाही असते. नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत ही अक्षरे पाहून निर्धास्त होणाऱ्याने आणि पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावयास हवा.

खरा धोका आहे तो द्व्यर्थी संक्षेपांत. 'पी.ए.' म्हणजे पोटाची तपासणी. क्ष-किरणाच्या चिठ्ठीवर मात्र तीच अक्षरे छातीचे चित्र कोणत्या बाजूने घ्यावयाचे ते सांगतात. 'ओ.डी.' म्हणजे औषध दिवसातून एकदा. नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर तोच उजवा डोळा होतो. इन्शुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' या शब्दाऐवजी घाईने लिहिलेले इंग्रजी 'यू' हे अक्षर शून्यासारखे दिसले, तर दहाचे शंभर होतात. अमेरिकेत रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली अशा घातक संक्षेपांची वर्ज्य यादीच लागू केली, ती याच अनुभवातून.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाने मागणी केल्यास त्याच्या उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. २०१६ च्या दुरुस्तीने औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्याचे बंधन घातले. परंतु कागद हाती आला म्हणजे अर्थ हाती आला असे होत नाही. न कळणारा कागद देणे हे हक्काचे अर्धेच पालन होय.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक रुग्णालयाने द्व्यर्थी संक्षेप वर्ज्य करावेत. आणि केसपेपरच्या तळाशी निदान, औषधाच्या वेळा व पुन्हा केव्हा यावयाचे, एवढे तरी सोप्या मराठीत लिहावे. त्यास चार ओळी पुरेत. तोवर रुग्णानेही भीड बाळगू नये. 'डॉक्टर, हे काय लिहिले आहे?' असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. उपचाराचाच तो एक भाग आहे.